मिलानमध्ये उसवलेला कोट

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "तिकडे जेवणाचं काय केलंत?" आणि दुसरा, "काय काय आणलंत?" २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत मी आणि सौ. इटलीतल्या मिलान शहरी तीन दिवस राहून आलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार असे. दुसऱ्याला मात्र मी "कोट" एवढेच सांगत असे. "अरे वा! मिलानचा कोट!" म्हणून विचारणारा डोळे विस्फारी. मग मला खुलासा करावा लागे, की कोट मिलानचा नव्हे. तो आमच्या तालुक्याच्या गावचा, बावीस वर्षांपूर्वीचा. मी तो इथून घालून गेलो आणि तिथून घालून परत आलो. तरीदेखील तो मी मिलानहूनच आणला असे मला वाटते. कसा, त्याचीच ही हकीकत.

मुळात मिलान आमच्या यादीत नव्हते. माझा मेहुणा झुरिकला नोकरीस आहे. "एकदा तरी भाऊबीजेला ये," असा त्याचा बहिणीकडे तीन वर्षांचा तगादा. अखेर गेल्या दिवाळीत योग आला. २३ ऑक्टोबरला भाऊबीज झाली आणि ओवाळणीच्या तबकात मेहुण्याने एक पाकीट टाकले. आत मिलानची रेल्वेची दोन तिकिटे, तीन दिवस राहण्याची सोय आणि एका चित्राच्या दर्शनाची दोन तिकिटे! स्वित्झर्लंड आणि इटली या दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, त्यामुळे ती अडचण नव्हतीच.

"मिलान म्हणजे फॅशनचं गाव ना?" ही म्हणाली आणि तिने खुंटीवरच्या माझ्या कोटाकडे अशा नजरेने पाहिले, की कोट बिचारा खाली पडेल असे मला वाटले.

"अहो, हा घालून मिलानला येणार तुम्ही?"

"दुसरा आहे कुठे?" मी म्हणालो.

या कोटाविषयी इथेच सांगितले पाहिजे. माझे वडील, अण्णा, शिंपी होते. लहानपणी ते गिरगावात एका दुकानी काम शिकले. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली; त्याच्या आधीचे वर्षभर आपण ट्रामने कसे हिंडलो, याच्या गोष्टी ते मोठ्या हौसेने सांगत. पुढे गावी परत येऊन त्यांनी एका मशीनवर दुकान थाटले. २००३ साली मला कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा त्यांनी राखी रंगाचे लोकरी कापड आणून, आठ रात्री जागून, मला कोट शिवला. कोट शिवणारा शिंपी आमच्या गावात दुसरा नव्हता आणि कोट घालणारेही फारसे नव्हते.

कॉलेजच्या पहिल्याच दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत एका ज्येष्ठ गृहस्थांनी माझ्या कोटाची बाही दोन बोटांनी चाचपली. "छान बसलाय हो! कुठला?" त्यांनी विचारले. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "मुंबईहून घेतला."

त्या रात्री अण्णांनी विचारले, "कोट कसा वाटला मंडळींना?"

"आवडला," मी म्हणालो.

"कोणी शिवला, असं विचारलं का कोणी?"

"नाही."

अण्णा "बरं" म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले. एका कोटावरून एका दिवसात मी दोनदा खोटे बोललो. शिंपीकामात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. वर्गात संत नामदेव शिकवताना मी ते दरवर्षी ठासून सांगत असे. पण ते नामदेवांविषयी! अण्णा २०१४ साली गेले. कोट तेवढा राहिला, आणि ते दुसरे खोटेही.

असो. शुक्रवारी सकाळी आम्ही गाडीत बसलो. झुरिकहून मिलानचा प्रवास सुमारे साडेतीन तासांचा. वाटेत आल्प्स पर्वताच्या पोटातून जाणारा गॉथार्डचा नवा बोगदा लागतो. २०१६ साली खुला झालेला हा बोगदा तब्बल ५७ किलोमीटर लांब आहे. ही खिडकीशी बसून बोगदा संपण्याची वाट पाहत होती. शेवटी "अहो, डोंगर संपला की आपण झोपलो होतो?" असे तिने विचारले, तेव्हा कुठे उजेड आला. डोंगरापलीकडे सरोवरे, आणि मग सपाट मैदान. इटलीतला तांदूळ बहुतांशी याच उत्तरेकडच्या मैदानात पिकतो, हे ऐकल्यावर आमच्या पोटांना धीर आला.

मिलानचे मध्यवर्ती स्टेशन १९३१ साली खुले झाले. ते एवढे प्रचंड आहे, की गाडीतून उतरलेला माणूस आपोआप खांदे ताठ करतो. मी मात्र उतरण्यापूर्वीच चूक केली. फळीवरची बॅग खाली घेण्यासाठी दोन्ही हात वर केले आणि पाठीमागे 'टर्रर्र' असा आवाज झाला.

"काय झालं?" मी विचारले.

"मिलान आलं," ही म्हणाली. "आणि तुमचा कोट गेला."

कोट पाठीच्या मधल्या शिवणीत वीतभर उसवला होता. कापड फाटले नव्हते, हे नशीब. दोष ना कोटाचा, ना बॅगेचा. बावीस वर्षांत माझ्या देहाने जी प्रगती केली तिचा. मुक्कामी पोहोचल्यावर हिने आपल्या पर्समधल्या चार सेफ्टी पिना लावून पाठ बंद केली आणि वरून स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली. अशा थाटात, सत्काराला निघालेल्या अध्यक्षासारखा, मी युरोपातल्या फॅशनच्या राजधानीत पाऊल टाकले.

मिलानला गेलेल्या माणसाने पहिल्यांदा द्वोमो, म्हणजे तिथले मोठे चर्च, पाहावे. याचे बांधकाम १३८६ साली सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी ते चालवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली, ती आजही त्याच कामावर आहे. समोरची बाजू नेपोलियनच्या हुकमाने मार्गी लागली. त्याने १८०५ साली याच चर्चमध्ये इटलीच्या राजाचा मुकुट स्वतःला चढवला होता. शेवटचे ब्राँझचे दार बसले १९६५ मध्ये! आपण न संपणाऱ्या कामाला 'मारुतीचे शेपूट' म्हणतो. मिलानचे लोक अशा कामाला 'द्वोमोचे बांधकाम' म्हणतात.

गुलाबी झाक असलेला हा संगमरवर कांदोलिया नावाच्या गावच्या खाणीतला. तो नदीतून, सरोवरातून, मग कालव्यातून नावांवर लादून थेट शहरात आणीत. देवाच्या कामाचा माल म्हणून त्याला जकात माफ. तशी खूण म्हणून 'द्वोमोच्या कामासाठी' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे मालावर घालीत असत. त्यावरूनच 'आ उफो' म्हणजे 'फुकटात' हा इटालियन वाक्प्रचार आला, असे सांगतात. भाषेच्या मास्तराला असे काही मिळाले की तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

या चर्चच्या छपरावर चढता येते, लिफ्टही आहे. वर गेल्यावर आपण दगडाच्या रानात शिरतो. १३५ कळस आणि आतबाहेर मिळून सुमारे ३,४०० पुतळे. सर्वांत उंच कळसावर मादोन्निना, म्हणजे मेरीमातेची सोन्याने मढवलेली मूर्ती. ती १७७४ साली बसवली आणि जमिनीपासून १०८ मीटर उंच आहे. एका कोपऱ्यात परांच्या बांधून गवंडी काम करीत होते. जुना झिजलेला दगड काढायचा आणि त्याच खाणीतल्या दगडाचा तसाच नवा घडवून बसवायचा, हे काम पिढ्यान् पिढ्या चालू आहे. मी खालून न दिसणाऱ्या एका कळसाच्या मागे डोकावलो. तिथेही दगडी पाने तितकीच बारीक कोरलेली होती.

"इथं कोण बघणार होतं?" मी म्हणालो.

"तुमच्या कोटाची पाठ तरी कोण बघणार होतं?" ही म्हणाली. "पण उसवली की दिसतेच."

चर्चशेजारीच व्हित्तोरियो एमान्वेले यांच्या नावाची गॅलरी आहे. लोखंड आणि काचेचे उंच छत असलेली ही बाजाराची गल्ली १८६५ साली बांधायला घेतली आणि १८६७ मध्ये खुली झाली. तिचा वास्तुकार मेंगोनी प्रवेशद्वाराचे काम पुरे होत आले असताना, १८७७ च्या डिसेंबरात परांचीवरून पडून मरण पावला. आत जमिनीवर रंगीत तुकड्यांत बसवलेला एक बैल आहे. त्याच्यावर टाच रोवून गिरकी घेतली की भाग्य उजळते असा समज. त्यापायी बैलाच्या पोटाखाली खड्डा पडतो आणि नगरपालिकेला तो पुन्हा पुन्हा बुजवावा लागतो. हिने गिरकी घेतली. मी शालीच्या आणि पिनांच्या भीतीने घेतली नाही.

गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला स्काला हे जगप्रसिद्ध संगीत नाट्यगृह. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बाँबवर्षावात ते उद्ध्वस्त झाले. लोकांची घरे पडलेली होती, तरी त्यांनी नाट्यगृह पुन्हा उभे केले आणि ११ मे १९४६ रोजी तोस्कानिनी या वृद्ध संगीतकाराच्या हस्ते त्यात पुन्हा सूर घुमले. ज्या समाजाने नाटकापायी कर्जे काढली, त्या आपल्या समाजाला हे समजावून सांगायला नको.

तिथून पाच-दहा मिनिटांवर माँतेनापोलिओने रस्ता, म्हणजे फॅशनच्या जगाचे देव्हारे. गंमत अशी, की या रस्त्याला हे नाव मिळाले ते नेपोलियनच्या काळात सरकारी कर्जाचा कारभार पाहणाऱ्या कचेरीमुळे. दुकानांच्या काचेआडचे किमतींचे आकडे पाहता ते नाव आजही शोभून दिसते! मिलानचा आणि टापटिपीचा संबंध मात्र या दुकानांपेक्षा फार जुना आहे. बायकांच्या टोप्या करणाऱ्याला इंग्रजीत 'मिलिनर' म्हणतात. तो शब्द मिलानचा माल विकणाऱ्यांवरूनच आला. आजच्या स्वरूपात मिलान फॅशनची राजधानी झाली ती १९७० नंतरच्या दशकात. जॉर्जो आर्मानी यांनी १९७५ साली आपली पेढी इथेच काढली. त्याआधी १९५७ पासून ते द्वोमोशेजारच्या मोठ्या दुकानात कामाला होते आणि काचेआडची मांडणी करीत. कोटाच्या आतले ताठ कापड, खांद्यातली भरती त्यांनी काढून टाकली आणि कोट अंगाबरोबर हलू लागला. आम्ही गेलो त्याच्या दीडच महिना आधी, ४ सप्टेंबर २०२५ रोजी, ते वयाच्या ९१ व्या वर्षी गेले होते. अण्णांना हे कोटाचे नवे शास्त्र पटले नसते. "आतलं काढलं तर उभा कशावर राहील?" असे त्यांनी विचारले असते. पण त्यांनी तो कोट उलटा करून, चष्मा कपाळावर चढवून, तासभर पाहिला असता, एवढे खास.

आम्ही मात्र दुकानांपेक्षा माणसेच पाहत होतो. आणि तिथे आमच्या सौभाग्यवतीने एक शोध लावला.

"अहो, इथं कुणी नवं घातलेलं दिसत नाही," ती म्हणाली. "मापाचं घातलेलं दिसतं."

मी पाहू लागलो. खरेच होते. ट्रामच्या थांब्यावर एक आजोबा उभे होते. कोट जुना, कॉलर झिजलेली. पण बाही मनगटावर नेमकी थांबलेली, बुटांना पॉलिश. भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजीबाईंच्या निळ्या कोटाची बटणे मागाहून बदललेली दिसत होती. पण सगळी एकाच जातीची. आलेली ट्रामही तशीच. १९२८ सालच्या नमुन्याच्या पिवळ्या ट्रामगाड्या या शहरात अजून रोज धावतात. आत लाकडी बाके, काचेचे दिवे. त्या बाकावर बसताना अण्णांच्या गिरगावच्या गोष्टी आठवल्या. माझ्या जन्माआधी पंधरा वर्षे जी ट्राम आमच्याकडे मोडीत निघाली, तिच्यात मी अखेर बसलो होतो.

रात्री जेवायला रिसोत्तो. केशर घातलेला, चीज मुरवलेला पिवळाधमक मऊ भात. चर्चच्या रंगीत काचा करणाऱ्या एका कारागिराच्या शिष्याने गुरूच्या मुलीच्या लग्नात थट्टेने भातात केशर टाकले आणि हा पदार्थ जन्मला, अशी दंतकथा आहे. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्यावे. मूळ कृतीत हाडातला मगज पडतो. आमच्यासाठी त्यांनी तो वगळून भाज्यांच्या पाण्यात भात शिजवून दिला. "गूळ-नारळ घातला असता तर आपलाच," असा हिचा अभिप्राय पडला.

शनिवारी सकाळी ते चित्र. लिओनार्दो दा विंचीचे 'लास्ट सपर'. ते सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. तिकीट बरेच आधी काढावे लागते आणि दर्शनाला पंधरा मिनिटे मिळतात. थोड्या थोड्या लोकांना काचेच्या दारांतून टप्प्याटप्प्याने आत सोडतात. एक दार मागे बंद झाल्यावर पुढचे उघडते, म्हणजे धूळ आणि दमट हवा आत जात नाही.

पंधरा मिनिटांत काय पाहणार, अशी माझी कुरकुर होती. पण भिंतीपुढे उभा राहिलो आणि कुरकुर विरून गेली. चित्र जवळजवळ नऊ मीटर रुंद आहे. लिओनार्दोने ते १४९५ ते १४९८ च्या सुमारास काढले. ओल्या गिलाव्यावर झपाट्याने रंगवण्याची रूढ पद्धत त्याला मानवली नाही. त्याने कोरड्या भिंतीवर सावकाश काम केले. परिणाम असा, की त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटू लागले. १६५२ साली मठवाल्यांनी भिंतीत दार पाडले आणि येशूचे पाय गेले. पुढे फ्रेंच फौजेने त्या दालनाचा तबेला केला. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बाँब पडून छप्पर आणि बाजूची भिंत कोसळली. वाळूच्या पोत्यांनी झाकलेली चित्राची भिंत तेवढी उभी राहिली. शिवाय शतकानुशतके दुरुस्ती करणाऱ्यांनी आपापले रंग वर फासले, ते वेगळेच.

१९७८ ते १९९९ अशी वीसहून अधिक वर्षे पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनी हे चित्र इंचाइंचाने साफ केले. वर चढलेले परके रंग त्यांनी काढले. जिथे मूळ रंग उरलाच नव्हता, तिथे नवे डोळे, नवी बोटे रंगवली नाहीत. फिकट जलरंगाचा हात फिरवला आणि जागा तशीच ठेवली. इथे काही होते, ते आता नाही, अशी ती सरळ कबुली आहे. जवळून पाहिले की कळते.

चित्रातला प्रसंग आपल्याला ऐकून ठाऊक असतो. आपल्यातलाच एक जण आपल्याला दगा देणार, असे येशूने शिष्यांना नुकतेच सांगितले आहे. बाराही जण खळबळून गेले आहेत. कुणी उठला, कुणी छातीवर हात ठेवला. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न आहे, 'तो मी तर नव्हे ना?' मी त्या हातांकडे पाहत होतो आणि पाठीतल्या चार पिना मला एकदम टोचू लागल्या. "मुंबईहून घेतला." फार मोठा अपराध नव्हे, मी मनाशी म्हणालो. कोणाचे काय नुकसान झाले? पण अण्णांनी "बरं" म्हणून सुईत दोरा ओवला, तेव्हा तो दोनदा चुकला होता, हे मला तिथे, बावीस वर्षांनी, आठवले. पंधरा मिनिटे संपली आणि दार उघडले.

बाहेर पडल्यावर मी हिला म्हणालो, "शिंपी शोधू या."

मुक्कामावरच्या माणसाने एका गल्लीची खूण सांगितली. कालव्याजवळ, एका दाराआड, खोलीभर दुकान. आत एक सत्तरीचे गृहस्थ, गळ्यात टेप, बाहीला टाचण्या. अण्णांच्या दुकानातला वास तिथे होता. गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास सगळ्या देशांत सारखाच असावा. भिंतीवर एका संताची तसबीर. संत ओमोबोनो, इथून जवळच्या क्रेमोना गावचा कापडवाला शिंपी. तो ११९७ साली वारला आणि दोनच वर्षांत पोपने त्याला संत म्हणून जाहीर केले. शिंप्यांचा तो पालक संत. आमचे नामदेव १२७० चे. म्हणजे त्यांच्या जन्माआधी पाऊणशे वर्षे इकडेही एक शिंपी संतपदाला पोहोचला होता तर!

गृहस्थांना इंग्रजी येत नव्हते आणि माझे इटालियन 'ग्रात्सिए'पाशी संपत होते. मी पाठमोरा झालो. त्यांनी शाल उचलली, पिना पाहिल्या आणि हिच्याकडे बघून हसले. मग कोट काढून घेतला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो उलटा केला. माझ्या पोटात लकाकले. अण्णाही तेच करीत. कोणी कोट आणला की बाहेरून पाहत नसत. "बाहेरून गिऱ्हाईक बघतं. शिंप्यानं आतून बघावं," असे म्हणत.

त्यांनी अस्तराची शिवण थोडी उसवली, आत अंगठा फिरवला. दिव्याखाली धरले. टाके मोजावेत तसे पाहिले. मग मान हलवली आणि म्हणाले, "आ मानो." हातचे. मी मान डोलावली. त्यांनी कोटाकडे बोट करून विचारले, "की?"

इटालियनमध्ये 'की' म्हणजे 'कोण'. एवढे मला प्रवासाच्या पुस्तकातून ठाऊक होते. कोणी शिवला?

"मिओ पाद्रे," मी म्हणालो. माझे वडील. आणि गळ्यात आलेला आवंढा गिळून पुढचा शब्दही म्हणून टाकला, "सार्तो." शिंपी.

"आ!" ते गृहस्थ म्हणाले. त्यांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावले आणि पाठीची शिवण दाखवली. दोन्ही बाजूंना दोन दोन बोटे जादा कापड आत दुमडून ठेवले होते.

वाचकहो, पुढे माणूस अंगाने भरला तर कपडा सैल करता यावा, म्हणून शिंपी लोक शिवणीच्या आत असे जादा कापड राखतात. आमच्या दुकानात त्याला 'माया' म्हणत. "पोराचा सदरा आहे, माया जास्त ठेवा," असे आयाबाया अण्णांना बजावीत. चोवीस वर्षांच्या, काटकुळ्या मुलाच्या कोटात अण्णांनी चार बोटे माया ठेवली होती. मुलगा बसून खाणार, जाड होणार, आणि तेव्हा आपण नसू, हा सगळा हिशेब त्यांनी आठ रात्रींत केला होता. मला एका शब्दाने बोलले नव्हते.

गृहस्थांनी खडूने खुणा केल्या. आम्ही बाकावर बसून राहिलो. ही माझ्याकडे न बघता माझा हात धरून बसली होती. दीड तासात शिवण सैल होऊन, इस्त्री फिरून कोट परत आला. अंगात घातला. बटणे लागली. मी दोन्ही हात वर करून दाखवले आणि तिघेही हसलो. पैसे त्यांनी रीतसर घेतले, पावतीसुद्धा दिली. निघताना त्यांनी शिवणीवर बोट ठेवून अंगठ्याने एक बोटभर माप दाखवले आणि माझ्या पोटावर हलकेच टिचकी मारली. अजून एवढी शिल्लक आहे, पुढचे तुम्ही सांभाळा.

संध्याकाळी आम्ही मोठ्या कालव्याच्या काठी हिंडलो. हाच तो द्वोमोचा संगमरवर आणणारा, बाराव्या शतकात खणायला घेतलेला नाविल्यो. काठाला एक धोबीगल्ली आहे. कपडे घासायचे दगड ओळीने अजून जागच्या जागी आहेत. दिवे पाण्यात पडले होते. मला आपले घाट आठवले, आणि मी हिला ती २००३ सालची गोष्ट सांगितली. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण ही एवढी सांगितली नव्हती.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अण्णांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"लग्नानंतर एकदा मी तुमचा कोट वाळत घालत होते. तेव्हा म्हणाले, 'जपून गं, मुंबईचा कोट आहे.' मला वाटलं, थट्टा करताहेत."

त्यांना कोणी सांगितले असेल? गाव लहान, कॉलेज लहान. त्यांनी मला कधी विचारले नाही. मी पाण्याकडे बघत राहिलो.

त्या रात्री आणखी एक नवल झाले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे घेतात. पहाटे तीनचे दोन वाजले आणि आम्हांला मिलानमध्ये एक तास जादा मिळाला, अगदी 'आ उफो'! तीन दिवसांत शहर काय कळणार, असे लोक विचारतात. सगळे नाहीच कळत. पण ज्या शहरात सहा शतके जुना दगड बदलून बसवतात, शतकाच्या जवळ आलेली ट्राम पुसून चालवतात आणि चित्रातले गेलेले गेले म्हणून कबूल करतात, तिथली ऐट कशावर उभी आहे, एवढे आम्हांला कळले. रविवारी दुपारी आम्ही स्टेशनावर आलो. बॅग मीच वर ठेवली. आवाज झाला नाही.

सुटी संपल्यावर वर्गात नामदेव शिकवायची वेळ आली. त्यांच्या पदांतले गज, कातर, सुई, दोरा यांविषयी मी दरवर्षीप्रमाणे बोललो. मग म्हणालो, "माझे वडील शिंपी होते. हा कोट त्यांनी शिवला आहे." वर्गात काहीही झाले नाही. मुलांनी लिहून घेतले. एका मुलीने तर वहीत कोटाची तारीखही टिपली असावी. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र विचारले, "सर, गजाचं माप केवढं असतं?" आणि उरलेला तास मी त्या एका प्रश्नात घालवला. कितीतरी वर्षांत नामदेव इतके चांगले शिकवले नव्हते.

आता पुन्हा दिवाळी आली आहे. घरोघरी तळणीचा वास सुटला असेल. वाचकांनी खुशाल चकल्या-करंज्यांवर ताव मारावा. मी यंदा बेतानेच खाणार आहे. कोटात आता बोटभरच माया उरली आहे, आणि ती मला पुरवायची आहे.